वरच्या थरातली पानं

मोठे बाबा, रविवारी तुमचं पुण्यानुमोदन आहे आणि बाबांनी मला न विचारता माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत घालून टाकलं. "तुह्यावर लय जीव होता त्यायचा. दोन शब्द बोल," म्हणाले आणि मंडपवाल्याला फोन करायला निघून गेले. त्यांचं बरं आहे, धाकटा भाऊ म्हणून रडून मोकळं होता येतं. मी कालपासून ते दोन शब्द लिहायला बसते आणि उठते. मोहगावच्या तुमच्या अंगणात मी इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी मोठी आई ओरडली, "अवं, बस ना एका जागी! पायाले भिंगरी बांधली का?" तुमचंच वाक्य. मग तीच आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

म्हणून ते दोन शब्द बाजूला ठेवले आणि हे घेतलं. हे फक्त तुम्हाला. कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, समाजाची मोठी हानी झाली, असलं काही माझ्या तोंडून तुमच्याबद्दल निघणार नाही. मनमिळाऊ तर तुम्ही नव्हतातच. कोणी संत्र्याची पेटी वाकडी भरली की तुम्ही त्या माणसाशी आठ दिवस बोलायचा नाहीत.

आणि मला जे खरं बोलायचं आहे, ते तुम्ही असताना बोलायचं होतं. तुम्ही विचारलंही होतंत. फोनवर, मागच्या फेब्रुवारीत: "गुड्डी, एक सांग. त्या दिवशी तुले पान दिसलं होतं का?" मी दिलेलं उत्तर खोटं होतं. ते खोटं तसंच राहू द्यायचं की चारचौघांत उघड करायचं, हे मला रविवारच्या आत ठरवायचं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एक मन म्हणतं. दुसरं मन मला बूड टेकू देत नाही.

तुम्ही कसे गेलात ते इथे लिहीत नाही. मी विमानातून उतरून पोचले तेव्हा तिसरा दिवस होता, आणि ज्याला त्याला ते सगळं मला नव्याने सांगायचं होतं. ऐकून ऐकून माझे कान किटले. मला दुसरं सगळं आठवत होतं.

इंटरनॅशनल बिझनेस शिकायला जर्मनीला जाते म्हणून सांगायला मी आले, तेव्हा तुम्ही मागच्या दारी रिकाम्या पेट्यांना खिळे ठोकत होतात. दोन खिळे तोंडात होते. ते न काढताच तुम्ही विचारलंत, "मतलब धंद्याचीच पढाई ना?"

"हो."

"धंदा शिकाले विमानात बसा लागते का बाप्पा? पांढुर्ण्याच्या मंडीत बस ना माह्याबरोबर आठ दिवस. पुरा धंदा समजते."

मी चिडले. मी लवकर चिडते, हे तुम्ही सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. "मंडीत मंडीचाच धंदा समजते, मोठे बाबा. मले दुनियेचा शिकाचा हाय."

"दुनिया काय कानानं खाते का संत्रा?"

मी चहा न पिता सौंसरला आमच्या घरी परत गेले. आणि चार दिवसांनी तुम्ही विहारात उभं राहून सगळ्यांना सांगितलंत की आमची गुड्डी शिष्यवृत्ती घेऊन साता समुद्रापार चालली. समोरच्या फोटोकडे हात करून म्हणालात, "तेही गेलते. घरच्याइले कुठी समजत होतं, काय शिकून राहिले ते! नाई समजलं तरी चालते." लोक हसले. मी मागे बसून हसले आणि मग मला रडू आलं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण चहाचं भांडण अजून मिटलं नव्हतं.

तुमचा धंदा मला आठ दिवसांत समजला नसता, हेही खरं. तीस वर्षं तुम्ही पांढुर्ण्याच्या मंडीत पेट्या भरल्या. खाली तणस, त्यावर कागद, मग एकेक थर. फळ उचललं की ते कुठे बसणार हे तुमच्या बोटांना आधीच माहीत असायचं. सगळ्यात वरच्या थराला तुम्ही पेटीचं तोंड म्हणायचात. तोंडावर दोन फळं अशी, ज्यांना देठ आहे आणि देठाला हिरवी पानं आहेत. दोनच. सुट्ट्यांमध्ये मी यायचे तेव्हा ती दोन फळं ढिगातून निवडून द्यायचं काम माझं. तिसरं दिलं की तुम्ही परत फेकायचात, "लगन हाय का पेटीचं?"

पान कशाला, हे मी सात-आठ वर्षांची असताना विचारलं होतं. तुम्ही म्हणालात की फळ चार दिवस चकचकीत राहतं, पण पान दुसऱ्या दिवशी माना टाकतं. घेणारा वरचं पान बघतो आणि समजतो की माल कधी तोडला. "संत्रा खोटं बोलू शकते. पान नाई बोलत." आणि दुसरं तुम्ही शिकवलंत ते असं, की जे खाली तेच वर. बाकीचे भरणारे बारीक माल खाली दडपून वर मोठी फळं मांडायचे. तुम्हाला त्याचा राग यायचा. "तोंड एक अन् पोट एक, असं नाई करा लागत."

हे मी ऐकलेलं आहे, मोठे बाबा. मी हे ऐकत मोठी झालेली आहे. म्हणून तर जास्त त्रास होतो.

तिकडे पहिल्या हिवाळ्यात आम्हाला एक काम दिलं. प्रत्येकाने आपल्या गावची एक वस्तू निवडायची, तिथला खराखुरा घेणारा शोधायचा आणि निदान नमुन्याचा माल तरी तिथवर आणून दाखवायचा. पुस्तकातली गिऱ्हाइकं चालणार नव्हती. कोलंबियाच्या मुलीने कॉफी घेतली, व्हिएतनामच्या मुलाने मिरी. मी संत्री घेतली. दुसरं काय घेणार होते? फळांचा एक लहान व्यापारी नमुना बघायला तयार झाला, तेव्हा मी आधी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, रामाकोन्याच्या वासुदेवभाऊंशी बोल, त्यांचा सोळा जणांचा शेतकरी गट आहे, बगिचे चांगले आहेत. वासुदेवभाऊ तयार झाले. म्हणाले, निवडक माल देतो, पण भरायला शामरावच पाहिजेत. मी म्हटलं, मलाही तेच पाहिजेत.

मग नियम आले. अकरा पानं, इंग्रजीत. कुठली औषधं चालतात, खोकं किती जाड, त्यावर काय छापायचं, फळ किती सेंटिमीटरचं. मी सगळं वाचलं आणि त्याची मराठी यादी करून तुमच्या आणि वासुदेवभाऊंच्या मोबाईलवर पाठवली. त्या अकरा पानांत एक ओळ होती की फळाला देठ आणि पान असता कामा नये. पानाबरोबर रोग येतो, कीड येते, म्हणून. ती ओळ मी वाचली होती. शपथेवर सांगते, वाचली होती. पण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर बगिच्यातला पालापाचोळा आला. तोडणाऱ्याने निष्काळजीपणे टोपल्यात टाकलेल्या काड्या आल्या. तुम्ही तोंडावर ठेवता ते पान आलंच नाही. ते माझ्या लेखी पान नव्हतंच कधी, ते पेटीचं तोंड होतं. मी यादीत लिहिलं, "काडीकचरा नको." तुम्ही ते वाचून म्हणालात, "हे काय सांगाची गोष्ट हाय का? माह्या पेटीत कचरा पाहिला का कधी?" नव्हता पाहिला.

आणि मग तो व्हिडिओ कॉल. रामाकोन्याला वासुदेवभाऊंच्या शेडमध्ये दुपार होती, माझ्याकडे सकाळ. तुम्ही फोन हळूहळू फिरवलात. पांढरी कोरी साठ खोकी, रांगेत, झाकणं उघडी. प्रत्येकाच्या तोंडावर दोन-दोन पानवाली संत्री. मला इतका आनंद झाला की मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात असलेल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. तुम्ही विचारलंत, "कसं दिसून राहिलं?"

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "एक नंबर! मोठे बाबा, त्या समोरच्या खोक्यात अजून एक पानवालं ठेवा ना. फोटोत मस्त येईन."

तुम्ही एकदा फोनकडे पाहिलंत. दोनच ठेवायचा तुमचा नियम. पण ठेवलंत तिसरं. माझ्यासाठी ठेवलंत. आणि मी फोटो काढला.

नागपुरात तपासणीच्या टेबलावर पहिलं खोकं उघडलं ते नेमकं तेच. निदान वासुदेवभाऊंनी तसंच सांगितलं. तपासणाऱ्या माणसाने झाकण उचललं, पानं पाहिली आणि झाकण परत ठेवून दिलं. त्याचं काही चुकलं नाही. सगळी खोकी पुन्हा उपसून, देठ कापून, भरून न्यायला वेळ नव्हता, विमान थांबणार नव्हतं. माझा सगळा इंटरनॅशनल बिझनेस नागपूरच्या पुढे गेलाच नाही. व्यापाऱ्याने दोन ओळींचं सभ्य पत्र पाठवलं, पुढे कधीतरी बघू म्हणून. माल गाडीतून परत आला आणि पांढुर्ण्याच्या मंडीत गेला. तोवर पानांनी माना टाकल्या होत्या. मंडीत कोणीतरी तुम्हाला म्हणालं, "काऊन शामराव, तुमच्या पेटीवर शिळं पान?" हे मला मोठ्या आईने परवा सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणाली.

त्याच आठवड्यात तुमचा फोन आला. "गुड्डी, एक सांग. त्या दिवशी तुले पान दिसलं होतं का?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते आणि भांडता भांडता खरं निघून गेलं असतं. आपलं नेहमी तसंच होतं. पण तुम्ही नुसतं विचारलंत, भाजीत मीठ आहे का विचारावं तसं. आणि मी म्हटलं, "नेट खराब होतं, मोठे बाबा. सगळं धूसर दिसत होतं."

नाचता येईना अंगण वाकडं.

तुम्ही म्हणालात, "असंच असन. इकडचं नेट तसंच हाय." आणि मी जेवले का ते विचारलंत.

एवढंच असतं तर मी कदाचित विसरून गेले असते. माणूस सोयीचं विसरतो. पण मी त्याच्यावर अभ्यास केला. आमच्या प्राध्यापक बाईंना ही गोष्ट फार आवडली. म्हणाल्या, यश सगळेच लिहितात, हे लिही. तिथून माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण तयार झालं. तिसरं प्रकरण. त्यात एक वाक्य आहे, इंग्रजीत भारदस्त वाटतं, मराठीत असं होईल: "माल भरणाऱ्याने पारंपरिक प्रथा सोडली नाही आणि त्यामुळे माल नाकारला गेला." वर्गात मी तो फोटो पडद्यावर दाखवला. तीन पानवाली संत्री असलेलं खोकं. मुलं हसली. वाईट नाही हसली, मजेने हसली. मीही हसले. मला त्या दिवशी वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले.

तुम्हाला बाबांकडून कळलं की तुमच्यावर काहीतरी लिहिलं आहे. किती खूश झालात! "माह्यावर लिवलं म्हने तिकडच्या पुस्तकात! वाचून दाखव ना. मराठीत करून." मी म्हटलं, सुट्टीत आली की दाखवते. दिवाळीत विचारलंत, मी म्हटलं, अजून पक्कं झालं नाही. तुम्ही म्हणालात, "कच्चंच दाखव. संत्रा काय अन् लिवनं काय, कच्चं हाय का पिकलं ते पाहणाऱ्यालेच समजते."

शेवटचं भांडण तर अर्धंच राहिलं. त्या दिवशी तुम्ही हटूनच बसला होतात. पान नाही तर मग तिकडचा माणूस भरवसा कशावर ठेवतो? मी म्हटलं, कागदावर. तपासणीचं प्रमाणपत्र असतं, त्यावर तारीख असते, शिक्का असतो. तुम्ही म्हणालात, "कागदाले वास येते का?" मी म्हटलं, वास कशाला यायला पाहिजे? तुम्ही म्हणालात, "कागद लिवणारा तिथं होता का, फळ तोडलं तवा?" मला वर्गाला उशीर होत होता. "नंतर बोलते," म्हणून ठेवला. बारा दिवसांनी बाबांचा फोन आला.

तेव्हापासून ते भांडण मी एकटीच पुढे चालवते आहे. बसमध्ये, अंघोळ करताना, पोळी खाताना. माझं म्हणणं अजून आहे. तुमचं पान ओळखीच्या माणसासाठी आहे, मोठे बाबा. पांढुर्ण्याचा व्यापारी तुम्हाला ओळखतो, पान ओळखतो, चूक निघाली तर उद्या मंडीत तुमच्यासमोर उभा राहतो. हजारो कोसांवरचा माणूस काय करेल? त्याच्या शेतात तुमच्या पानावरची कीड गेली तर त्याने कुणाकडे जायचं? म्हणून कागद लागतो. आता बोला. नाही ना बोलता येत? असं जिंकलेलं मला नको आहे. आणि कागद लिहिणारा तिथे होता का, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर वेगळंच आहे. फळ भरलं तेव्हा मी तिथे होते. फोनवर का होईना, होते. आणि तरी मी खोटं लिहिलं. कागदावर.

मोठ्या आईने काल आणखी एक सांगितलं. पेटीला लावायचा दोर गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता. "त्या बखेड्यानंतर रामाकोन्याहून बलावनं नाई आलं. अंबिया बहाराले, दिवाळीच्या तोडीले, त्याइनं दुसरा मानूस आनला भराले. हे कोनाच्या बगिच्यात गेले नाई मंग. घरच्याच पेट्या भरत होते." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, "तेच म्हने, पोरीले सांगू नको. पढाई खराब होईन तिची."

मी तुम्हाला तिकडून वाकड्या पात्याची ती छोटी कात्री पाठवली होती, देठ अगदी फळाबरोबर कापणारी. भरपाई म्हणून पाठवली होती, दुसरं काय! तुम्ही फोनवर म्हणालात, "नखं कापाची हाय का?" ती कोठीत खिळ्याला टांगलेली आहे, पात्याला फडकं गुंडाळून. धार तशीच आहे. वापरली होतीत की नाही, ते मोठ्या आईलाही माहीत नाही. मी तीनदा काढून पाहिली आणि तीनदा परत टांगली.

आता अंगणात बाबा आले आहेत आणि विचारत आहेत, झालं का लिहून. मी हो म्हटलं.

* * *

वरचं सगळं शुक्रवारी लिहिलं. आज मंगळवार.

रविवारी भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, सगळे पांढऱ्या कपड्यांत होते, मंडप बाबांनी गरजेपेक्षा मोठा घातला होता. बोलणाऱ्यांनी तुम्हाला मनमिळाऊ म्हटलं. दोघांनी म्हटलं. वासुदेवभाऊ तिसऱ्या रांगेत बसले होते, गटातले आणखी सात-आठ जण त्यांच्याबरोबर. माझं नाव घेतलं तेव्हा माझ्या हातात कागद होता आणि तो मी उघडला नाही.

मी म्हटलं, मागच्या वर्षी जो माल नागपूरहून परत आला, त्यात मोठ्या बाबांची चूक नव्हती. नियम मी वाचला होता आणि त्यांना सांगितला नाही. खोकी भरल्यावर त्यांनी मला फोनवर दाखवली, मी पानं पाहिली, आणि फोटोसाठी अजून एक ठेवायला मीच सांगितलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी नेट खराब होतं म्हणून खोटं बोलले. एवढंच बोलले. तुमच्याबद्दल एकही चांगला शब्द बोलायचा राहून गेला. बाबा सतरंजीकडे बघत होते. मागे कुणाचं तरी लहान बाळ रडत होतं, ते रडतच राहिलं. मग भंतेजींनी पुढचं सुरू केलं.

जेवणानंतर वासुदेवभाऊ नळावर हात धूत होते. मी जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे बेटा, झालं ते झालं. आपल्याकडे असंच म्हणतात. ते हात धूत राहिले. मग म्हणाले, "मीटिंगीत तो आमाले तेच सांगत होता. पोरीले दिसलं नाई, नेट खराब होतं, तिचा काई दोष नाई. आमी हासलो त्याच्यावर. म्हटलं, शामराव, स्वतःची गलती झाकाले नेटचं नाव काऊन घेता?"

त्यांनी नळ बंद केला.

"हे तो होता तवा बोलाचं होतं, गुड्डी."

आणि ते गेले. मोठ्या आईला हात जोडले, मला नाही. मी त्यांची आभारी आहे, मोठे बाबा. सगळ्या मंडपात तेवढं एकच बोलणं बरोबर मापाचं होतं.

म्हणजे माझं खोटं तुम्ही सोळा जणांसमोर नेलंत, माझ्या बाजूने मांडलंत, आणि त्याच्यासाठी हसं करून घेतलंत. तुमचा त्याच्यावर विश्वास होता की नव्हता, हे मला आता कधीच कळणार नाही. या एका गोष्टीपायी दोन दिवस मी सैरभैर आहे. काल उगाच बस पकडून पांढुर्ण्याला गेले, मंडीत तुम्ही बसायचात त्या शेडपाशी उभी राहिले, एका हमालाने विचारलं कोण पाहिजे, मी म्हटलं कोणी नाही, आणि परत आले.

आज सकाळी आपल्या बगिच्यात मृग बहाराची, थंडी सरतानाची तोड होती. फळं कुणासाठी थांबत नाहीत. मोठी आई पांढऱ्या साडीवर तुमचा जुना स्वेटर घालून ढिगापाशी बसली आणि मला म्हणाली, "भर." मी म्हटलं, मला कुठे येतं? "पंधरा वर्षं त्याइच्या मांडीपाशी बसून काय करत होती मंग?" तर भरल्या. पहिल्या दोन वाकड्या झाल्या, त्या तिने उपसायला लावल्या. तिसरी जमली. जे खाली तेच वर घातलं. तोंडाला दोन पानवाली निवडली. तिसरं हातात आलं होतं, ते मीच परत टाकलं. पेट्या पांढुर्ण्याला जाणार होत्या, तिथे पान चालतं. तिथे पानच लागतं. गाडीत चढवताना रामाकोन्याचा एक जण मोटरसायकलवरून थांबला, पेट्यांकडे पाहिलं आणि पुढे गेला. पेट्या मी भरल्या हे उद्या वासुदेवभाऊंना कळेल.

परवा माझं विमान आहे. जायचं की नाही यावरही मी दोन दिवस फेऱ्या घातल्या. मोठी आई म्हणाली, "जा अन् पुरं कर. अर्धी पेटी कोन घेते?" तिसरं प्रकरण मी पुन्हा लिहिलं आहे. प्राध्यापक बाईंना पाठवलं. त्या काय म्हणतील माहीत नाही, अभ्यास करणाराच खोटं बोलला असं प्रबंधात कोणी लिहीत नसावं. मार्क गेले तर जाऊ देत. पण आता ते तुम्हाला दाखवण्याजोगं आहे, आणि मी कबूल केलं होतं म्हणून मराठीत करून वाचते. सगळं नाही, बदललेली एवढीच जागा.

"माल भरणाऱ्याला हा नियम कोणी सांगितला नव्हता. त्याने भरलेला माल बंद करायच्या आधी दाखवला. पाहणाऱ्या व्यक्तीने पानं पाहिली, आवडली म्हणून सांगितलं, आणि आणखी एक ठेवायला लावलं. ती व्यक्ती म्हणजे प्रस्तुत प्रबंधाची लेखिका."

ऐकलंत? आता तुमचा प्रश्न.

हो, मोठे बाबा. दिसलं होतं मले पान. नेट चांगलं होतं त्या दिवशी.